थांबा म्हणणाऱ्या बाई

त्या भोपळासुद्धा नाडी बघून घ्यायच्या. भोपळ्याची नाही हो, स्वतःची. दारावर माळीण यायची, टोपली उतरवायची, भाव सांगायची, आणि बाई डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून, डोळे मिटून उभ्या राहायच्या. पहिल्यांदा माळीण घाबरली होती, हिला भोवळ आली की काय म्हणून. मग सरावली. "झाली काय जी तुमची पूजा? मले अजून लय घरं हायेत," म्हणायची. बाई डोळे उघडायच्या आणि म्हणायच्या, "हो, दे. लहानातला दे." घासाघीस कधी नाही. घासाघीस केली की ठोके वाढतात, आणि वाढलेल्या ठोक्यांवर घेतलेली वस्तू घरी आल्यावर आवडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी वर्ध्याला नवीन लग्न होऊन आले तेव्हाचं सांगते आहे. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि मी नुकती सासुरवाशीण. माझं माहेर आर्वीकडलं. आमचे हे कापसाच्या प्रेसमध्ये होते, रुईच्या गठाणी बांधतात तिथं. मोसमात माणूस घरी झोपायलाच यायचा. एका ओसरीला लागून दोन खोल्या, एक आमची, एक बाईंची. घरमालक परगावी. म्हणजे त्या ओसरीवर दिवसभर आम्ही दोघीच. मी वीस वर्षांची, त्या चाळिशी ओलांडलेल्या.

बाई साताऱ्याकडच्या. जवळच्या खादी केंद्रात सूत कातायला शिकवायच्या. तेव्हा वर्ध्यात चरख्याला काही तोटा नव्हता, घरोघरी होता म्हणा ना. पांढरं खादीचं लुगडं, डोक्यावरून पदर, आणि पदराखाली केस अगदी आखूड. ते केस का आखूड, ते पुढं येईलच.

गल्लीत त्यांना मागून थांबाबाई म्हणत. कारण काहीही विचारा, पहिला शब्द "थांबा". बाई, मीठ आहे का जरासं? थांबा. बाई, केंद्र उद्या उघडं आहे का? थांबा. मग मनगट, मग डोळे, मग एक लांब श्वास, आणि मग उत्तर. एकदा समोरचे म्हातारबा घराच्या दारातून ओरडून विचारत होते, बाहेर पाऊस पडून राह्यला काय. बाई अंगणातच उभ्या, तरी थांबा. म्हातारबा म्हणाले, "राहू दे पोरी, मीच भिजून पाह्यतो."

मलाही आधी हसू यायचं. पण एकटी बाईमाणूस, शेजार धरून राहायचं म्हणून मी एकदा सरळ विचारलं, बाई, तुमी हे काय करता? त्यावर अर्थातच थांबा. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या कायम लक्षात राहिलं.

"अगं, डोकं म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. त्याला खालचं दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. खाली छातीत धावपळ ऐकू आली की तो म्हणतो, चोर आले. चोर नसतात. कोणी नुसतं जिन्यावरून पळत आलेलं असतं."

म्हणून केंद्राचा जिना चढून गेल्यावर मनात आलेला विचार त्या धरायच्या नाहीत. तो जिन्याचा विचार, माझा नाही, म्हणायच्या. चहा घ्यायच्या नाहीत. चहा छातीत खोटंच ढोलकं वाजवतो आणि माणसाला वाटतं आपण कशाला तरी भ्यालो. ताप आला की कोणाशी भांडण काढायचं नाही आणि कोणाला माफही करायचं नाही, ताप उतरेपर्यंत सगळं तहकूब.

श्वासाचंही होतं. श्वास आत घेताना माणूस गोळा करतो आणि सोडताना निवडतो, हे त्यांचं गणित. मला अक्षरं त्यांनीच दाखवली, पहिली काही. किराणाची पुडी सोडवून कागद पाटावर पसरायचा, बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "तोंड मिट. नाकानं आत घे. आता बघ." श्वास आत जात असताना बघितलेलं अक्षर राहतं आणि सोडताना बघितलेलं वाहून जातं, म्हणे. पुढचं सगळं माझं मी शिकले, गुळाच्या आणि जिऱ्याच्या कागदांवर, कोणी शिकवायला नव्हतं. पण अजूनही कोणाचं नाव लक्षात ठेवायचं असलं की माझं नाक आपोआप फुगतं. नातवंडं हसतात.

आणि सुई. सुईत दोरा ओवताना त्या आधी छातीकडं कान द्यायच्या. दोन ठोक्यांच्या मधे एक रिकामी जागा असते, तिथं हात हलत नाही आणि डोळा स्वच्छ असतो. त्या जागेत ओवून टाकायचं. मी करून बघितलं. जमतं हो. आता डोळे गेले म्हणून जमत नाही, पण जागा अजून आहे.

माझी नात दवाखान्यात काम करते. ती परवा सांगत होती की आता यंत्रं लावून हेच बघतात, ठोक्यागणिक माणसाचं लक्ष कसं हलतं, श्वास आत जाताना मेंदू कसा जागा होतो. मी म्हटलं, आमच्या बाईंना विचारलं असतं तर वीज वाचली असती. पण खरं सांगायचं तर बाईंचं सगळंच बरोबर नव्हतं. सुताचंच घ्या. शिकायला येणाऱ्या बायांचं सूत त्या बोटांतून सरकवून बघायच्या आणि जाड-बारीक लागलं की थांबायच्या. इथं श्वास अडला, इथं मन कुठंतरी गेलं. मीही जात असे केंद्रात, दिवस निघावा म्हणून. स्टेशनापलीकडच्या वस्तीतली सुभद्रा नावाची एक जण आमच्यात होती, तोंडाची फटकळ. तिच्या सुताला एक गाठ लागली तर बाई डोळे मिटून म्हणाल्या, इथं तुला माहेर आठवलं. सुभद्रा म्हणाली, "नाई बाई, तिथं मले ढेकून चावला." सगळ्या बाया हातातले कापसाचे पेळू टाकून हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या गाठीवरून पुन्हा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, असेल.

हीच सुभद्रा छप्पनच्या दसऱ्याला घरच्या सगळ्यांसोबत नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आली. परत आली ती वेगळीच दिसत होती, मान वर. आम्ही काय काय विचारलं तिला, किती माणसं होती, काय जेवलात, कुठं निजलात. बाईंनी एवढंच विचारलं की ते शब्द म्हणताना तुझी छाती काय करत होती. सुभद्रा म्हणाली, "वाजून राह्यली होती ना बाई, फुटते का काय असं. पन जे म्हटलं ते खरं होतं." बाईंनी मनगटाला हात लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

एक सांगायचं राहिलं. त्यांच्या खोलीत दोन पाट होते. एकावर त्या बसायच्या. दुसरा भिंतीशी उभा, पुसून ठेवलेला. साताऱ्याहून कधी कोणी आलं नाही. सणाला मी पुरणाची पोळी नेऊन द्यायची, तर म्हणायच्या ठेव, आणि मी असेपर्यंत हात लावायच्या नाहीत. जेवताना दार उघडं ठेवायच्या, कोणी येणार असल्यासारखं. मला वाटतं, घरात दुसऱ्या कोणाचाच आवाज नव्हता, म्हणून बाईंना स्वतःचं एवढं ऐकू यायचं. माझ्या घरी पुढं चार पोरं झाली, मला माझी छाती कधी ऐकूच आली नाही. आमची बदली झाली, वर्धा सुटलं. बऱ्याच वर्षांनी तिकडून आलेल्या एकानं सांगितलं की बाई गेल्या, आणि दुपार होईपर्यंत शेजारी कळलं नाही. मी त्या दिवशी स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, पण मी जेवले नाही.

तर मागं जाऊन आता एका गुरुजींचं सांगते.

वर्ध्याजवळच्या देवळीच्या शाळेत पोरं टकळीवर सूत काढायची. ते सूत दर शनिवारी केंद्रावर जमा करायला एक गुरुजी मोटरीनं यायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही, आणि जुना दमा. पहिल्या दिवशी सुताचं गाठोडं घेऊन जिना चढून आले आणि दारातच टेकले. छाती शिट्टीसारखी वाजत होती. गुरुजींना बाईंकडून काहीतरी विचारून घ्यायचं होतं, सुताच्या गुंड्या कुठं मोजून द्यायच्या, असलंच. पण बाई म्हणाल्या, थांबा, धापेत काही ठरवू नये, श्वास बसू द्या, मग बोला. गुरुजी बसले. आम्ही कातत होतो. बराच वेळ गेला. शिट्टी काही थांबेना. शेवटी ते म्हणाले,

"बाई, माहा श्वास त कधीच बसत नाई. मंग मी काई ठरवाचंच नाई काय?"

बाया खुदखुदल्या. बाई गुंड्या मोजायला लागल्या. पण पुढच्या शनिवारी त्या केंद्रातून लवकर निघाल्या, आपल्या ओसरीत बाज टाकली आणि निरोप ठेवला की देवळीचे गुरुजी आले तर त्यांना म्हणावं जिना चढू नका, सूत मी घरीच घेईन.

तेव्हापासून शनिवार दुपार गुरुजींची. ते बाजेवर, बाई उंबऱ्याशी चरखा घेऊन. बाई त्यांना श्वास सोडायला शिकवायच्या. घेण्याची घाई करू नका, तो येतो आपोआप, सोडताना मात्र सावकाश, सूत ओढताना हात जातो तसा. चरख्याच्या हाताकडं बघत गुरुजी श्वास सोडायचे. कधी कधी शिट्टी खरंच उतरायची. ते तुरीच्या शेंगा आणायचे, अंबाडी आणायचे, एकदा भिंतीशी उभा असलेला पाट आडवा करून त्यावर बसले, बाज टोचते म्हणून. बाईंनी बघितलं आणि चरखा तसाच फिरवत ठेवला. मी माझ्या दारात गहू निवडत असायची. बोलणं फार नसायचं. पण शुक्रवारी बाई ओसरी दोनदा सारवायच्या, हे मी बघत होते ना.

आणि मग हिवाळ्यातल्या एका शनिवारी गुरुजींनी विचारलं. मी तिथंच होते, उठून जायची सोय राहिली नाही.

"बाई, घरी मी एकटाच आहो. दम लागते तवा पाणी द्याले बी कोणी नाई. तुमी बी एकट्याच आहा. आपण दोघं एका घरी राह्यलो त कसं? रीतसर लगन लावू. लोक काय म्हणतीन ते म्हणतीन."

चरखा थांबला. बाईंची बोटं मनगटावर गेली. डोळे मिटले. मी गव्हातला खडा हातात धरून बसले. किती वेळ गेला कोण जाणे, गुरुजींच्या मोटरीची वेळ झाली, ते उठले. बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "आज नाही सांगता येत. फार वाजतंय. पुढच्या शनिवारी."

गुरुजी हसले. "हरकत नाई. माहं त रोजच वाजते."

पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्यालाही. ते यायचे, सूत द्यायचे, बसायचे, काही विचारायचे नाहीत, नुसतं बघायचे. बाईंची बोटं मनगटावर. आणि निघताना तेच, आज नाही. गंमत म्हणजे मोटर गेली की अर्ध्या तासात बाई एकदम निवांत. माझ्याकडं येऊन म्हणायच्या, आता बघ, बसलं सगळं, आणि उत्तर हो आहे. म्हटलं, मंग सांगा ना बाई. तर म्हणत, कोणाला सांगू, ते गेले.

मला राहवलं नाही. एक दिवस डोक्याला तेल लावून देत होते त्यांच्या. आखूड केस, बोटात येतात न येतात असे. म्हटलं, बाई, छाती वाजते म्हणून काय झालं? चांगल्यासाठी बी वाजते.  मग त्यांनी सांगितलं.

पंधराव्या वर्षी नवरा गेला. घर रडण्यानं भरलेलं. बाईंच्या छातीत घण पडत होते, श्वास वरच्या वर. तेवढ्यात सासऱ्यांनी समोर उभं राहून विचारलं, केस उतरवायचे ना? जुनी रीत होती ती विधवांची, एकदा उतरवले की जन्मभर उतरवायचे. आणि बाईंच्या तोंडून हो गेलं. कोणी बळजबरी केली नाही, मुलगी हो म्हणाली, असं सगळे पुढं सांगत राहिले. न्हावी आला. दुसऱ्या दिवशी ठोके उतरले तेव्हा कळलं की आपल्याला नाही म्हणायचं होतं.

"तेव्हापासून," बाई म्हणाल्या, "वाजत असताना मी काही कबूल करत नाही. वाजतं कशासाठी, ते छाती सांगत नाही गं. नुसतं वाजतं."

माझे तेलाचे हात तसेच राहिले. मग मी म्हटलं, पण ती सुभद्रा म्हणे ना, वाजत होतं आन् खरं होतं. बाई म्हणाल्या, तिचं वेगळं. तिला कोणी विचारत नव्हतं, ती स्वतःहून सांगत होती.

हे त्यांचं त्यांनाच सुचलं आणि त्या उठून बसल्या. म्हणाल्या, म्हणजे मीच जाऊन सांगितलं तर?

झालं, दुसऱ्या दिवशी आम्ही देवळीच्या मोटरीत. घरून निघताना त्यांनी माझ्यासमोर नाडी बघितली. शांत आहे, आणि हो आहे, म्हणाल्या. मोटरीत मधेमधे बघायच्या आणि मला सांगायच्या, अजून हो आहे. बाहेर तुरीची शेतं पिवळी झालेली. बाई खिडकीशी बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घसरला होता आणि त्यांनी तो सावरला नाही. मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं की त्या दिसायला चांगल्या होत्या.

देवळीला उतरलो, शाळेपर्यंत चालत गेलो. तारेचं कुंपण होतं. आत लिंबाखाली गुरुजी पोरांच्या गोलात बसले होते, टकळी फिरवत. त्यांचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. बाईंनी कुंपणाचा खांब धरला. मनगटावर बोटं ठेवली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आणि ते तोंड माझ्या डोळ्यांदेखत बंद झालं.

"परत चल," म्हणाल्या.

म्हटलं, बाई, दोन मिनिटं उभ्या राहा, बसते श्वास. त्या म्हणाल्या, "जे उत्तर त्यांच्यासमोर टिकत नाही, ते मी खरं कसं मानू?" आणि वळल्यासुद्धा.  घर आलं तेव्हा कुलूप काढता काढता म्हणाल्या, हो आहे गं. मला त्यांचा राग आला होता. मी आत जाऊन भांडी घासत बसले.

बाई जातीनं ब्राह्मण, गुरुजी कुणबी. लोकांनी पुढं बोलताना ते कारण लावलं. केंद्रातल्यांनी हार घातले असते, गल्लीतल्यांनी दारं लावली असती, दोन्ही खरं. पण बाईंचं अडलं होतं ते तिथं नव्हतंच. मी शेजारी राहत होते, मला माहीत आहे.

त्यानंतर एका शनिवारी सूत घेऊन दुसरेच मास्तर आले. म्हणाले, गुरुजींना दम्यानं फार धरलं होतं, त्यांच्या बहिणीनं त्यांना आपल्या गावी नेलं. पुढं महिनाभर तेच मास्तर येत राहिले. मग एका शनिवारी म्हणाले, आता बरे आहेत, आले परत देवळीला, पण प्रवास झेपत नाही. बाईंनी गुंड्या मोजून घेतल्या आणि चुकल्या, पुन्हा मोजल्या. ते गेल्यावर माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तू जाशील का? तुझी छाती वाजायचं काही कारण नाही. तू नीट सांगशील. सांग की बाई हो म्हणाल्या. आजच म्हणाल्या, शांतपणे."

मी गेले. पोळ्या झाकून ठेवल्या, ह्यांना सांगितलं आणि मोटर धरली. वाटेत घोकत होते, हो म्हणाल्या, शांतपणे म्हणाल्या. खरं तर माझंच वाजत होतं, पण आनंदानं.

गुरुजींचं घर विचारत विचारत गेले. दारात रांगोळी. वर आंब्याच्या पानांचं तोरण, सुकलेलं, पण अजून काढलेलं नाही. हातभर हिरवा चुडा भरलेली एक बाई बाहेर आली, तिशी-पस्तिशीची, साधी. म्हणाली, "कोण पाह्यजे जी? या ना, बसा." तिच्या मागून गुरुजी आले. मला बघून तिथंच उभे राहिले.

चहा प्यावा लागला. ती बाई चांगली होती हो, तिचा काय दोष. गुरुजींना खोकला आला तशी ती न सांगता पाणी घेऊन आली आणि पेला त्यांच्या हाताशी ठेवून परत आत गेली. मी तो पेला बघत बसले.

गुरुजी मला मोटरीपर्यंत सोडायला आले. वाटेत ओढ्यावरच्या मोरीशी थांबले आणि कठड्यावर बसले.

"त्याईनं धाडलं काय तुम्हाले?"

मी म्हटलं, हो.

"उत्तर घेऊन?"

आता लपवून काय करायचं होतं. म्हटलं, "हो गुरुजी. हो म्हणत होत्या त्या. केव्हाच्या म्हणत होत्या, तुमी निघून गेल्यावर."

त्यांची शिट्टी वाढली. ते सावकाश सोडायला लागले, बाईंनी शिकवलं होतं तसं. मग म्हणाले, "मी थांबलो असतो वहिनी. मले थांबाचा कंटाळा नव्हता. पण ह्या हिवाळ्यात असा दम लागला का वाटलं आता गेलो. बहिणीनं ते पाह्यलं. तिनं सोयरीक पक्की केली आन् मले विचारलं. मी नाई म्हणासाठी तोंड उघडलं, त आत श्वासच नव्हता."

मोटर आली. मी चढले तेव्हा ते म्हणाले, त्याईले सांगजा, आणि थांबले. मग मान हलवली. नका सांगू काही, म्हणाले.

घरी आले तेव्हा दिवस कलला होता. बाई ओसरीवर बसल्या होत्या. बाज टाकलेली होती. चरखा नव्हता काढलेला, मनगटाला हात नव्हता, नुसत्या रस्त्याकडं बघत होत्या. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. रांगोळी, तोरण, पाण्याचा पेला. ते नाही म्हणू शकले नाहीत, तेही सांगितलं. काहीच गाळलं नाही, कारण गाळलेलं त्यांना कळलं असतं.

बाई ऐकत होत्या. मी थांबले तरी ऐकत असल्यासारख्या बसून राहिल्या. मग सवयीनं बोटं मनगटावर गेली, पण त्यांना जागाच सापडेना. इकडे ठेव, तिकडे ठेव. शेवटी त्यांनी माझा हात ओढला, माझी बोटं आपल्या मनगटावर दाबून धरली.

"बघ गं," म्हणाल्या, "शांत आहे ना?"

माझ्या बोटांखाली नुसता कल्लोळ होता. प्रेसच्या इंजिनाचा पट्टा सुटला की ते कसं पिसाळल्यासारखं फिरतं, तसं. मोजायची सोय नव्हती.

मी म्हटलं, "हो बाई. शांत आहे."

"मग बरं," त्या म्हणाल्या. रस्त्यावर दिवे लागले, आमचे हे कामावरून यायची वेळ झाली, पण त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मीही तो काढून घेतला नाही.